बाहेर पाऊस, पडद्यावर ऊन

संगणकाच्या पडद्यावरचं हवामानाचं विजेट बंद पडलं, असं आपण म्हणतो तेव्हा ते बंद पडलेलं नसतंच. बंद पडलं असतं तर कोपरा रिकामा दिसला असता. ते परवाचे 43 अंश आणि पिवळाधमक सूर्य तसाच मिरवत बसतं. मे महिन्यात विदर्भात तर ते थांबलंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण परवाचे 43 आजही 43च. मग मृगाचा पाऊस कोसळतो, पडद्यावरचा सूर्य हटत नाही, आणि घरातला जाणकार कामाला लागतो: रीस्टार्ट, राउटर बंद-चालू, विजेट काढून पुन्हा बसवणं. माझं म्हणणं एवढंच, की ही खटपट बहुतेक वेळा भलत्याच घरात चाललेली असते. विजेट म्हणजे नुसती चौकट. आतला आकडा दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येतो, तोही बहुधा फुकट. गूगलने आपला अनधिकृत हवामान-फीड 2012 मध्ये बंद केला, याहूने जुनी सेवा जानेवारी 2019 मध्ये गुंडाळली, आणि अ‍ॅपलने 2020 मध्ये विकत घेतलेल्या 'डार्क स्काय' या हवामान-सेवेचा आकडे पुरवणारा एपीआय मार्च 2023 अखेर मिटला. तिथे राउटर कितीही झटकला तरी काय उपयोग?

यावर कुणी म्हणेल, पण घरच्या उपायांनी चालू होतं की! होतं. विंडोज 7च्या हवामान-गॅजेटवरचा नामी उतारा असा: कॅशमधली कॉन्फिग.एक्सएमएल ही फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, एक अक्षरही न बदलता सेव्ह करायची, की तापमान हजर. याला दुरुस्ती म्हणायचं की अंगारा, ज्याचं त्याने ठरवावं. (ही गॅजेटंच धोक्याची आहेत, बंद करा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये सांगितलं, तो भाग वेगळा.) घरातला अस्सल दोष एकच मानतो मी, तो घड्याळाचा. मदरबोर्डवरचा बटनसेल संपला की संगणक खुशाल 2009 सालात जाऊन बसतो. समोरच्या सर्व्हरचं सुरक्षा-प्रमाणपत्र त्याच्या हिशेबी अजून जन्माला यायचंय, म्हणून तो बोलणंच नाकारतो. घड्याळ बरोबर असेल तर सेवेचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. 401 आलं तर सेवेने दिलेली आपली किल्ली चालत नाही. 429 आलं तर फार वेळा विचारलंत. या आकड्यामागची विमानतळावरची नोंद साधारण अर्ध्या तासाने बदलते, आणि विजेटला मात्र मिनिटामिनिटाला विचारायला बसवलेलं असतं. फुकटचा कोटा संपत येतो, मग माणूस चिडून रिफ्रेश बडवतो, आणि उरलासुरलाही घालवतो.

खिडकीतून बघा की, हा शेवटचा आक्षेप. खिडकीतून आत्ताचं दिसतं, संध्याकाळचं नाही. शिवाय न्यू जर्सीत बसून कोपऱ्यात सांगलीचं हवामान लावणाऱ्याने कुठल्या खिडकीशी जावं? त्याला आईला फोन करता येतो, हे कबूल. अंश सोडून सगळं कळतं: कपडे वाळत नाहीत, कृष्णेला पाणी चढलंय, आणि तू जेवलास का.