पट्टी सरळ, पाणी घरात

नागपूरला समुद्र नाही, पण समुद्रापासून आपण किती उंच आहोत ते दगडात कोरून ठेवलेलं आहे. शून्य मैलाजवळ, चार घोड्यांच्या पुतळ्यांशेजारी, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा 1907 सालचा दगड उभा आहे. त्यावरचा आकडा 1020.171 फूट. दशांशचिन्हापुढची तीन घरं बघा. फुटाचा हजारावा भाग म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतका. ही हौस इंग्रजांची. आपण तिथं सेल्फी काढतो आणि देशाचा मध्यबिंदू हाच असं बाहेरगावच्या पाहुण्यांना ठासून सांगतो.

बरं, रस्त्यांच्या बाबतीतही हे गाव साधंसुधं नाही. 1943 साली देशभरातले मुख्य अभियंते इथेच जमले आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरवला. तो आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ‘नागपूर प्लॅन’ याच नावानं शिकवतात. देशाचे रस्ते बांधणारे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी याच गावचे खासदार. सिमेंटच्या रस्त्याचा त्यांच्याइतका मोठा पुरस्कर्ता देशात नाही. म्हणजे मोजमाप इथलं, आराखडा इथला, मंत्री इथला. आता कोणत्याही ले-आउटमध्ये जा आणि नव्या सिमेंट रोडला लागून असलेल्या जुन्या घराचं फाटक उघडून दाखवा. उघडत नाही. खालून अडकतं.

‘आमचं घर खाली नाही गेलं जी, रोड वर आला,’ असं तिथल्या काकू सांगतात. एवढं अचूक निदान कुठल्याही चौकशी अहवालात मिळायचं नाही.

मी सिमेंट रोडच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणी डांबरवाल्यांचा माणूस म्हणेल. सिमेंटचा रस्ता टिकतो. मुंबईचा मरीन ड्राइव्ह स्वातंत्र्याच्या आधीचा आहे, किती वर्षं गाड्या सोसल्या त्यानं. टिकतो, हीच तर अडचण आहे. डांबरातली चूक दोन पावसाळ्यांत वाहून जाते. सिमेंटमधली चूक नातवाच्या लग्नापर्यंत पुरते.

हा रस्ता सपाट कसा होतो ते एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. दोन्ही कडांना लोखंडी चॅनेल ठोकतात. मिक्सरच्या गाडीतून काँक्रीट ओततात, फावड्यानं पसरवतात, आत नीडल व्हायब्रेटर खुपसून हवा काढतात. मग येते व्हायब्रेटरची पट्टी, म्हणजे दोन चॅनेलांवर आडवी टेकलेली, इंजिनावर थरथरणारी लांब तुळई. दोघं जण दोन टोकांना धरून ती पुढे ओढत नेतात. मागे गुरमाळेवाले, त्यांच्या मागे झाडूनं आडव्या रेघा मारणारा, कारण अगदी गुळगुळीत ठेवला तर पावसात स्कूटी घसरेल. पैसे बरे असतील तर ट्रिमिक्स करतात. नाव मूळचं एका स्विडिश कंपनीचं, पण आता आपल्याकडे कोणत्याही मिस्त्रीच्या तोंडी आहे. वर चटई अंथरून पंपानं जास्तीचं पाणी शोषून घ्यायचं, मग पंख्यासारखं फिरणारं यंत्र चालवून पृष्ठभाग घोटायचा.

यात एक गंमत आहे. पट्टी कितीही भारी आणली तरी ती चॅनेलच्या वर जाऊ शकत नाही की खाली. चॅनेल जिथं ठोकलं तिथं रस्ता. म्हणजे काँक्रीटची गाडी यायच्या आधीच, सकाळच्या चहाच्या वेळी, दोन माणसांनी हातोडीनं तुमच्या घरात पाणी येणार की नाही ते ठरवलेलं असतं. पट्टी धरणाऱ्या एकाला विचारलं, हा रोड इतका वर का घेतला? तो हसला. ‘भाऊ, आमाले चॅनेल लावून देल्ले, त्याच्यावरून पट्टी ओढाची. चॅनेल कुठं लावाचं ते साहेबायले पुसा.’ साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, काम इस्टिमेटप्रमाणे आहे. इस्टिमेटला काही विचारता येत नाही, त्याला तोंड नसतं.

आता हिशेब करा. खाली मुरूम-गिट्टीचा थर. त्यावर ड्राय लीन काँक्रीट, चार ते सहा इंच. त्यावर मुख्य काँक्रीट, आठ इंच किंवा जास्त. मुरूम सोडला तरी बेरीज एक फूट किंवा त्याहून जास्त. हे सगळं बसवायला जुना डांबरी रस्ता तेवढाच खोदून काढावा लागतो. खोदला तर नवा रस्ता जुन्याच पातळीला येतो. पण खोदायचं म्हणजे मलबा उचलायचा, तो कुठं टाकायचा ते बघायचं, नळाची लाइन फुटली तर मोहल्ल्याच्या शिव्या खायच्या, सांडपाण्याची गडरलाइन दाखवली होती त्या जागी नसते ते वेगळंच. शिवाय खोदलेला रस्ता म्हणजे लोकांना दिसणारा त्रास, आणि वर टाकलेला रस्ता म्हणजे लोकांना दिसणारा विकास. मग जो थर होता त्याच्यावरच नवा चढतो. भूमिपूजनाचा नारळ फोडायला चार मान्यवर असतात. खोदकाम मोजायला एखादा तरी आलेला कोणी पाहिलाय?

खरा मजेशीर भाग पुढे आहे. रस्ता नुसता सपाट नको, मधून फुगीर हवा, हे नियमात आहे. सुमारे दोन टक्के उतार दोन्ही बाजूंना. सात मीटर रुंद रस्ता असेल तर मध्यभाग कडेपेक्षा सात सेंटिमीटर वर. कशासाठी? पाणी रस्त्यावर न थांबता दोन्ही बाजूंना निघून जावं म्हणून. दोन्ही बाजूंना कोण असतं? आपण असतो. नाली असते ती बहुतेकदा आणखी पुढे, आणि तिचं तोंड जुन्या रस्त्याच्या हिशेबानं ठेवलेलं असतं किंवा नव्या रस्त्याच्या कडेहून वर आलेलं असतं. त्यामुळे गणित असं जुळतं की पट्टी जितकी नेटकी फिरली, उतार जितका बिनचूक साधला, तितकं पाणी लवकर आणि शिस्तीत तुमच्या जोत्याशी पोचतं. खराब डांबरी रस्ता निदान चार खड्ड्यांत थोडं पाणी अडवून तरी धरायचा.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथल्या लोकांनी गाद्या, फ्रिज, पोरांची पुस्तकं वाळत घातली. जीवही गेले. त्या पुराचं खापर सिमेंट रोडवर फोडणं बेइमानी होईल. तलावाचा विसर्ग, नदीच्या पात्रात आलेली बांधकामं, अरुंद झालेला नाला, ही त्याची कारणं होती. पण ज्या घरांजवळून कुठलीच नदी जात नाही, ज्यांना अंबाझरी फक्त फिरायला माहीत, त्यांच्याही अंगणात दर जुलैला घोट्याएवढं पाणी उभं राहतं. ते पाणी कुठल्या नदीचं?

मग येतो गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक. सिमेंट रोडची कड आणि घराचं फाटक यांच्यामध्ये उरलेली पट्टी भरायची ती गट्टूनं. गट्टू वाईट नाही, नीट बसवला तर उत्तमच. खालचा थर दाबून घट्ट करायचा, त्यावर इंच-दीड इंच वाळू, ती वाळू दोन पाइपांवर लाकडी पट्टी ओढून एकसारखी करायची, मग गट्टू मांडायचे, प्लेट फिरवून बसवायचे, सांध्यांत बारीक वाळू भरायची. आपल्याकडे मधलं सगळं वगळून मांडायचे एवढंच करतात. वाळूच्या जागी जे हाताशी असेल ते. पहिला पाऊस झाला की आतलं जे काही असेल ते निघून जातं आणि वर पाय ठेवला की एका टोकाला दाबलेला गट्टू दुसऱ्या टोकातून पिचकारी मारतो, नेमकी पांढऱ्या पॅंटवर. पांढरी पॅंट घालून चालणारे हे गट्टू पास करायला आले होते का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

गडरच्या झाकणांचा विषय थोडक्यात आटोपतो. रस्ता वर गेला तर झाकण खड्ड्यात, झाकण उचललं तर ते रस्त्याच्या वर. दोन्ही एका पातळीला आलेले मी शहरात पाहिले आहेत, नाही असं नाही, पण त्या चौकात कोणीतरी मोठं राहत असावं.

हे यंत्राअभावी होतं असं कोणी म्हणू नये. समृद्धी महामार्ग याच नागपुरातून, शिवमडक्यापासून, सुरू होतो. 701 किलोमीटर, सिमेंट काँक्रीटचा. तिथे आपोआप चालणारे पेव्हर फिरले, जे चॅनेलशिवाय काँक्रीट ओततात, दाबतात आणि सपाट करत पुढे जातात. बाजूला ताणलेल्या तारेवर किंवा इलेक्ट्रॉनिक मोजमापावर त्यांची उंची ठरते. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटर डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव लागलं. विदर्भातलाच विक्रम, आपलाच. डांबराच्या पेव्हरमागची तरंगती पट्टी वर-खाली होणारा पाया स्वतःच पचवते आणि वरचा पृष्ठभाग एकसारखा ठेवते. म्हणजे शेतातून, जंगलातून जाणारा रस्ता आपण मिलिमीटरमध्ये टाकू शकतो, कारण तिथं वाटेत कोणाचं फाटक येत नाही. माणसं राहत असतील तिथं मात्र अंदाजे.

यंत्राचं तर जाऊच द्या. पातळी बघायला यंत्र लागत नाही. पारदर्शक लेव्हल पाइप असतो, मिस्त्रीच्या पिशवीत गुंडाळलेला. दोन टोकं दोघांनी धरायची, आतलं पाणी आपोआप दोन्हीकडे एका उंचीला थांबतं. एक टोक घराच्या जोत्याला, दुसरं ठोकलेल्या चॅनेलला. अर्ध्या मिनिटात कळतं की कोण वर आहे. पाण्याला राजकीय पक्ष नसतो, म्हणून बहुधा कोणी हा पाइप बाहेर काढत नाही.

उन्हाळ्याबद्दल सांगायचं राहिलं. हवा 40 अंशांच्या वर गेली की काँक्रीटला उष्ण हवामानाचे खास नियम लागतात, आणि आपला मे महिना 45 ला बसलेला असतो. तेव्हा काँक्रीट गाडीत असतानाच घट्ट होतं, पट्टी ओढवेना म्हणून वरून बालटीभर पाणी मारतात, पट्टी छान फिरते, फोटो छान येतो. ते पाणी मग सिमेंटची ताकद घेऊन जातं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात रस्त्यावरून पांढरी धूळ उडते. पोत्यांनी चौदा दिवस भिजवत ठेवायचं असतं. पोती दिसतात. भिजलेली किती दिसतात ते तुमच्याच गल्लीत बघा. शहरातले रस्ते तपासण्याचं काम व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्था करू शकतात. तपासायला सांगावं लागतं, एवढीच अट.

तमिळनाडूत 2021 साली मुख्य सचिवांनी लेखी आदेश काढला की जुना थर खरवडल्याशिवाय नवा थर टाकायचा नाही, कारण रस्ते वर जातात आणि घरं खाली राहतात. म्हणजे हा आजार एकट्या नागपूरचा नाही. फरक एवढाच की तिथं कोणीतरी कागदावर मान्य केलं. आपल्याकडे अजून काकूच खोटं बोलतात असा समज आहे.

तेव्हा तुमच्या गल्लीत भूमिपूजनाचा मांडव दिसला की लाडू खायच्या आधी एक काम करा. कंपाउंडच्या भिंतीवर आजच्या रस्त्याच्या पातळीला ऑइलपेंटनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढून ठेवा. आणि माहितीच्या अधिकारात महानगरपालिकेला तीन गोष्टी विचारा: या कामाच्या अंदाजपत्रकात जुना थर खोदून काढण्याची बाब आहे का, असेल तर किती खोलीची, आणि पूर्ण झालेल्या रस्त्याची पातळी माझ्या जोत्यापेक्षा किती खाली राहील. काम संपल्यावर नाही, चॅनेल ठोकायच्या आधी. अर्जाची फी 10 रुपये आहे.