फादरांचं पत्र

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की वसईतल्या आम्हा कॅथलिकांना चाळीस दिवसांचं वैराग्य येतं. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. नियम खुद्द चर्चचा, त्यामुळे बोलायची सोय नाही. मग मटण सोडून मोठं पापलेट येतं, सोबत कोलंबी, आणि त्यागाचा खर्च मटणाच्या वर जातो. शिवाय मासेवालीशी वीस रुपयांवरून हुज्जत घालायची आणि उरलेले 'परवा देते' म्हणून निघायचं. तो परवा ईस्टर उलटला तरी उजाडत नाही.

मिस्साला पहिला बाक आमचाच. गाडी मात्र शेजाऱ्याच्या फाटकासमोर आडवी. देवाकडे जायची घाई असते, शेजाऱ्याने समजून घ्यावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांची 'हरित वसई' चळवळ यांचा अभिमान तर विचारूच नका. वाडीतलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, मातीने बुजवून त्यावर खोल्या उठतात, तेव्हाही तो तसूभर कमी होत नाही.

मुलाच्या ॲडमिशनला फादरांचं पत्र उपयोगी पडतं. कुटुंब नियमित चर्चला येतं, असं त्यात असतं आणि ते खोटं नसतं. फादर आपल्याला रविवारीच पाहतात. सोमवार ते शनिवारची खतावणी भाडेकरू आणि कामवाली यांच्याकडे असते, आणि गावात चालतं ते त्यांचंच पत्र. तेव्हा फादर, एक विनंती: यापुढे शिक्का मारण्याआधी अर्जावर घरच्या कामवालीची सही आणायला सांगा. बघू किती अर्ज परत येतात.