कोऱ्या कागदावरचा नवा अंगठा

जुन्नर-आंबेगावचा माणूस व्यवहारात कुणावर चटकन विश्वास टाकत नाही, आणि ते योग्यच आहे. बांध हातभर सरकला तर तो घोडेगावच्या कोर्टात दोन पिढ्या तारखा घेतो. सख्ख्या भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तरी वकिलाकडून चार वेळा वाचून घेतो: गट नंबर कोणता, विकायचा अधिकार आहे की फक्त उतारे काढायचा, मुदत किती. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पट्टी हातात पडली की कपातीचा एकेक रुपया पुन्हा बेरजेला लावतो. असा चिकित्सक गृहस्थ मोबाइलवर ‘अलाव’ लिहिलेलं निळं बटण दिसताच मात्र साक्षात कर्ण होतो. मागेल त्याला कवचकुंडलं.

या दानशूरपणाला आता नवं साधन मिळालं आहे. हिशोबाचं सॉफ्टवेअर, ईमेल, ड्राइव्ह एकमेकांना जोडायचं तर आजवर सेटिंगमध्ये शिरून कुणी काय पाहायचं आणि कुणी काय बदलायचं, हे एकेका चौकटीत खूण करून ठरवावं लागे. कंटाळवाणं काम, पण त्या कंटाळ्यात दोन मिनिटं विचार तरी होत असे. आता एआय एजंटला नुसतं सांगायचं, ‘नव्या दिवाणजीला हिशोब दिसू दे.’ एजंट भलताच कामसू. पुढे अडायला नको म्हणून तो दिवाणजीला हिशोब बदलायचाही अधिकार देऊन मोकळा होऊ शकतो, आणि जाता जाता स्वतःसाठीही चार परवानग्या मागतो. जीमेलच्या जोडणीत येणारी एक परवानगी डोळे उघडे ठेवून वाचण्यासारखी आहे: तुमचे सर्व ईमेल वाचणं, लिहिणं, पाठवणं आणि कायमचे पुसून टाकणं. घरच्या जावयालाही आपण एवढं देत नाही.

काम एजंटला द्यायला हरकत नाही. अधिकार वाटण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये. हा विचार काही सिलिकॉन व्हॅलीतून आयात करावा लागत नाही. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १९० सांगतं की, जे काम स्वतः करायचं एजंटाने पत्करलं आहे, ते त्याने सहसा परस्पर दुसऱ्यावर सोपवू नये. सही म्हणजे काय, हे तर पुणे जिल्हा फार महागात शिकला आहे. मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांचा दंगा उसळला आणि पसरला, तेव्हा लोक सावकाराच्या दारात जाऊन कर्जरोखे मागत होते. मिळाले की जाळत होते. न वाचता उठवलेल्या अंगठ्यांचा तो हिशोब होता. सरकारला जाग आली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावेत आणि मजकूर त्याला समजला आहे याची निबंधकाने खात्री करावी, अशी सोय त्यात होती. दीडशे वर्षांच्या प्रगतीनंतर आपण निबंधकाला घरी बसवलं आहे आणि मजकूर समजावून सांगायचं काम सावकाराच्या कारकुनाकडे दिलं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हंगामात पहाटे गाडी लावायची घाई असते, दर वेळी कोण वाचत बसणार? दर वेळी वाचू नकाच. आवक पाहणं, पट्ट्यांची बेरीज करणं यासाठी एकदाच परवानगी द्या. पैसे पाठवणं, नोंद पुसणं आणि तिसऱ्याला आत घेणं, या तीनच ठिकाणी गाडी थांबवा. दुसरा आक्षेप: आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? प्रश्न पाहण्याचा नाही, करण्याचा आहे. मालकाचा हुकूम कोणता आणि आलेल्या ईमेलमध्ये कुणी घुसडलेली ओळ कोणती, हे अशा एजंटांना अजून खात्रीने ओळखता येत नाही. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे इथे पाठवा’ एवढी एक ओळ द्राक्षाच्या अख्ख्या हंगामाला पुरते. तिसरा आक्षेप: माणूस दिवाणजीही लबाडी करतो की! करतो. पण त्याचं घर ओतूरला असतं, सासुरवाडी मंचरला असते. गाठायचं कुठे ते ठाऊक असतं.

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. संमती मुक्त, नेमकी आणि समजून दिलेली असावी, ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असावं आणि विनंती मराठीतही वाचता यावी, असं तो म्हणतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदींना आणखी दीड वर्षाची मुदत दिली आहे. म्हणजे कंपन्यांना तयारीला वेळ मिळाला आणि आपल्याला बटण दाबायला. तोवर कायद्याची वाट पाहू नका. एजंटला वाचू द्या, लिहिताना विचारायला लावा, आणि परवानग्या वाटायचं काम स्वतःकडेच ठेवा. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये आजवर जोडलेल्या ॲपची यादी असते. ती आजच उघडा आणि ज्यांची ओळख पटत नाही त्यांची नावं कमी करा. त्याला तलाठी लागत नाही.