स्काउट खात्याला पेन्शन नाही

उज्जैनच्या भैरवगढला माझा एक मावसभाऊ राहतो. सगळी वस्ती त्याला कॅप्टन म्हणते, मी दादा. सैन्यात तो कधी नव्हता. एका सरकारी कचेरीत जावक बारनिशी सांभाळतो. पण १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं, तेव्हा हा चड्डीत पाटावर बसून ते पाहायचा. पाटावरून उठला, पण त्या जहाजातून काही उतरला नाही.

असा एक इसम हल्ली प्रत्येक गोतावळ्यात असतो. जगात दोनच जाती आहेत असं तो मानतो: ‘स्टार ट्रेक’ला ‘स्टार वॉर्स’ म्हणणारे, आणि माणसं. वहिनी वीस वर्षं त्याच्या संसारात आहे, पण दादा स्वयंपाकघरात लुडबूड करायला लागला की ती मुद्दाम म्हणते, “तुमचं ते स्टार वॉर्स लागलंय वाटतं.” तो बाहेर जातो.

काळभैरवाला दादा नमस्कार करत नाही. बोटांच्या दोन जोड्या फाकवून ‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकचा तो हात वर करतो. मावशीने एकदा हटकलं, तेव्हा त्याने सांगितलं की स्पॉक करणाऱ्या लेनर्ड निमॉयने ही मुद्रा ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादावरून घेतली, म्हणजे मुळात देवळातलीच आहे. मावशी गप्प झाली. जिथे नारळाच्या टोपलीत दारूची बाटली ठेवून देवासमोर नेतात आणि देव ती सर्वांदेखत पितो, तिथे बोटं फाकवली म्हणून कोण कुणाला हसणार?

गावाबद्दलचा अभिमानही त्याला याच खिडकीतून येतो. जुन्या ज्योतिषग्रंथांत शून्य रेखांश उज्जैनवरून जायचा, आणि १८८४च्या वॉशिंग्टनच्या परिषदेत तो मान ग्रीनिचला गेला, हे दुःख तो भाऊबंदकीत वाडा गेल्यासारखं सांगतो. त्याच्या डायरीतल्या अंतराळ-तारखा अर्थातच उज्जैनपासून मोजलेल्या. आणि भैरवगढचा तुरुंग! १९९८च्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये गुरूच्या एका चंद्रावरच्या तुरुंगातून बारा कैदी पळतात आणि मिलिंद सोमण त्यांच्या मागे लागतो. पाहुण्यांना आपली तुरुंगाची भिंत दाखवताना दादा म्हणतो, “त्यांनी अशी बांधली असती तर मालिका पहिल्याच भागात संपली असती, भिया.”

हे सगळं एकवेळ चालेल. पण शनिवारी रात्री खेळ असतो.

अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि मोठी माणसं टेबलाभोवती बसून मीच तो चेटक्या, मीच तो सरदार करू लागली. दादाला चेटूक वर्ज्य. तो खेळतो मार्क मिलरचा १९७७चा ‘ट्रॅव्हलर’. त्यात अंतराळ आहे, साम्राज्य आहे आणि, खरं सांगायचं तर, कचेरी आहे. या खेळात प्रकाशापेक्षा वेगवान बिनतारी यंत्रच नाही. टपाल जहाजातून जातं आणि एका उडीला सुमारे आठवडा लागतो. आकाशगंगा जावक क्रमांकावर चालते हे वाचून दादाला गहिवरून आलं होतं.

नकाशा म्हणजे एक चादर. शेजारच्या बाटीकवाल्याकडून त्याने ती मेण लावून, रंगात बुडवून करून घेतली. बाटीकच्या मेणाला चिरा जातात आणि त्यांत रंग शिरून बारीक रेघा उमटतात. या चादरीवरही ताऱ्या-ताऱ्यांमधून अशा रेघा गेल्या. खेळायला येणाऱ्या बँकेतल्या पोराने विचारलं, “ही काय भानगड?” दादा क्षणभर थबकला आणि म्हणाला, “कृष्णविवरांतून जाणाऱ्या वाटा.” तेव्हापासून तो बाटीकवाला स्वतःला विश्वाचा कर्ता समजतो आणि खेळाच्या रात्री कचोरीत हिस्सा मागतो.

‘ट्रॅव्हलर’मध्ये आधी पात्राची नोकरी खेळायची. चार-चार वर्षांची सेवा, प्रत्येक वेळी जगण्या-मरण्याचे दोन फासे. दान पडलं तर निभावलं, नाही पडलं तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र खलास. बँकेतला पोरगा एका संध्याकाळी तीनदा वारला. तिसऱ्या खेपेला मावशीने आतून विचारलं, “याचं जेवण धरू की नको?”

घोळ झाला तो काकांमुळे. काका म्हणजे दादाचे वडील, टपाल खात्यातून निवृत्त. करमत नाही म्हणून एका शनिवारी बसले आणि आधी नियमांचं पुस्तक मागून घेतलं. चष्मा लावून तासभर वाचलं. मग म्हणाले, “पाच खेपा केल्या, वीस वर्षं झाली, की पेन्शन आहे. पण स्काउट खात्याला पेन्शन नाही. नौदलात घाल.”

दान काकांना असं पडत गेलं की धर्मराजाने हेवा करावा. वीस वर्षं नोकरी झाली, पेन्शन सुरू झाली, आणि काका एका बऱ्यापैकी ग्रहावर स्थायिक झाले. संपलं. चाचे आले की काका म्हणत, “पोलिसांत कळवा.” पुरातन संस्कृतीचा नकाशा मिळाला, “संग्रहालयात द्या.” एक राजकन्या पळवली गेली, त्यावर काकांनी तिच्या वडिलांचं नाव विचारलं आणि ते घराणं तसंच आहे म्हणाले. बाकीचेही बिघडले. औषधांच्या दुकानातला गडी विचारू लागला की आपल्याला वीस वर्षांत किती पेन्शन बसेल. सहा आठवडे या मोहिमेत कुणी घराबाहेर पडलं नाही.

दादा वाळला. खेळ चालवणारा रेफरी म्हणून त्याला काकांवर उल्कापात करता आला असता. पण नियमाबाहेर जायचं नाही, हे त्याच्यात काकांकडूनच आलेलं.

मी गेलो तो नोव्हेंबरचा शनिवार होता. सकाळीच दादाने काकांना रिक्षात घालून बँकेत नेलं होतं, हयातीचा दाखला द्यायला. रात्री चादर पसरली, कचोऱ्या आल्या, आणि दादाने खिशातून एक लिफाफा काढून काकांपुढे ठेवला. वर जावक क्रमांक, उज्जैनपासून मोजलेली तारीख आणि गोल शिक्का. साम्राज्याच्या निवृत्तिवेतन विभागाचा हुकूम होता: सहा उड्या दूर असलेल्या राजधानीत समक्ष येऊन हयातीचा दाखला सादर करावा, अन्यथा पेन्शन बंद.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. चादरीवर बोट ठेवून सहा उड्या मोजल्या. वाटेत चाच्यांचा मुलूख लागत होता, आणि ती राजकन्याही तिकडेच कुठेतरी होती. मग त्यांनी फासे उचलले, मुठीत खुळखुळवले आणि विचारलं, “प्रवासभत्ता कुठल्या वर्गाचा?”