आमची पीक पाहणी

सातबाऱ्यावर नाव असणं आणि शेती करणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्यातली पहिली मी मन लावून करतो. तलाठी बांधावर फिरकत नाहीत, चावडीत बसल्या बसल्या गावभर ऊस लावतात, हे मी पुण्यात बसल्या बसल्या इतकी वर्षं सांगत आलो की सरकारच एकदा म्हणालं, मग तुम्हीच जा.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्याचा खालचा पिकांचा भाग, खातेदारानेच मोबाईलवरून भरायचा. शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, अपलोड करायचा. विमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, सगळीकडे ही नोंद बघतात. त्यामुळे आमचं रान कसणाऱ्या चुलतभावाचा ऐन खरिपात निरोप आला, "दादा, गावी येतोच आहेस तर तेवढी पाहणी उरकून टाक."

तेवढी!

पांढरे बूट घालून मी रानात उतरलो. ॲपने खाते क्रमांक आणि गट क्रमांक विचारला. कागद हातात होता, फडाफड भरलं. पुढचा पेपर मात्र अवघड होता. लागवडीचा दिनांक? सिंचनाचं साधन? क्षेत्र किती आर? एकराचे 40 आर होतात हे पाठ होतं, आपले एकर किती ते आठवेना. वहिनीला फोन लावला. तिने सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "भावजी, रान तरी सापडलं का?" मी दुखावल्या आवाजात हो म्हणालो.

समोर दृष्ट लागेल असं सोयाबीन उभं होतं. खानदानी शेती शेवटी खानदानीच, असं मनाशी म्हणत कॅमेरा उघडला. गटाच्या मध्यबिंदूपासून आपण किती लांब आहोत ते पडद्यावर दिसतं. तिथे शेकडो मीटर दिसत होते. उपग्रह चुकला असणार. सरकारी कामच ते! मी हात उंच करून उपग्रहाला पुन्हा पुन्हा संधी दिली. तेवढ्यात बांधावरून एक आजी ओरडल्या, "कोण रं तू? आमच्या रानाचं फोटू कशापायी काढतुयास?"

"आजी, हे आमचं रान आहे."

"तुमचं वढ्यापल्याड. तुझा आजासुदीक असं कधी म्हनला न्हाई!"

ओढा ओलांडला. बुटांचा रंग गेला, पण अंतर बरोबर आलं. आता फोटो तरी नेटका यावा म्हणून सोयाबीनमध्ये ओळीने उगवलेलं तण उपटायला घेतलं. तण इतक्या शिस्तीत का उगवावं, हा प्रश्न काही मला पडला नाही. पुतणी नववीत आहे. ती धावत आली आणि माझ्या मुठीतली रोपं बघून जागीच थांबली. लांबट, टोकदार, मागून मऊ करडी पानं.

"काका, ही तूर आहे."

तोवर 'एक पीक, सोयाबीन' अशी नोंद अपलोड करून मी मोकळा झालो होतो. पण सरकारला माझा अंदाज असावा. नोंद दुरुस्त करायला 48 तास मिळतात. पुतणीने फोन काढून घेतला, मिश्र पीक केलं, तूर घातली, नवा फोटो काढला. फोटोच्या चौकटीबाहेर उभं राहण्याचं काम माझ्याकडे होतं, ते मी चोख केलं.

या नोंदींपैकी 10 टक्के तलाठी तपासतो. बाकीच्या खातेदाराच्या शब्दावर चालतात. म्हणजे माझ्या शब्दावर! कारभार सुधारला यात वाद नाही, पण माझी पंचाईत झाली. चुकीच्या नोंदीबद्दल तक्रारअर्ज लिहिण्यात माझा हातखंडा होता. परवा सवयीने कागद पुढे ओढला, 'प्रति' लिहिलं, आणि खाली अधिकाऱ्याच्या जागी माझंच नाव आणि पत्ता घालावा लागणार हे लक्षात आलं. मायना तेवढा बदलला. 'महोदय' खोडलं.