बोरीत बसून थाई कसे जेवावे?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यांना थायलंड ते किती लांब! जिंतूर तालुक्यातल्या बोरीत मित्रासोबत थाई जेवायची लहर आल्यास पुढील विधी पाळावा.

१. मित्र : पुण्याहून सणाला आलेला असावा. एकदाच ग्रीन करी खाल्लेली असावी, पण बोलणे बारमाही असावे.

२. जागा : रस्त्याकडेचा ढाबा. मालकासमोर 'थाई' शब्द काढू नये. त्याला 'थाळी' ऐकू येते आणि तो चपात्या मोजायला लागतो.

३. पदार्थ : भाकरी आणि ठेचा मागवावा. मित्राने नाक मुरडल्यास त्याला 'सोम तम' समजावून सांगावे. लसूण, मिरची, शेंगदाणे खलात कुटायचे, लिंबू पिळायचे, ताडगूळ आणि मासळीचा खारट रस घालायचा, कच्च्या पपईचा कीस मिसळायचा. यातून पपई, गूळ, मासळी काढली की राहतो तो आपला ठेचाच. मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. तेव्हा थोरले कोण, असा वाद घालू नये. दोघांचे आजोळ एकच.

४. हत्यारे : चॉपस्टिक मागू नयेत. थायलंडात भात चमच्याने खातात; डाव्या हातातला काटा घास चमच्यात लोटण्यापुरता. चॉपस्टिक मुख्यतः नूडल्ससाठी. ईशान्येकडच्या इसान भागात तर चिकट भाताचा गोळा हातानेच वळून सोम तमसोबत खातात. म्हणजे भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावणारा बोरीकर मित्रापेक्षा जास्त थाई ठरतो. हे मात्र मित्राला बिल येईपर्यंत सांगू नये.

५. इतिहास : मित्र पॅड थाईला प्राचीन म्हणेल. थायलंडाचे पंतप्रधान पिबून सोंगक्राम यांच्या सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या नूडल्सचा देशभर प्रसार केला. आजीचे पिठले वयाने मोठे असण्याची दाट शक्यता आहे. मान त्यालाच द्यावा, आणि एक वाटी जास्त मागवावी.

६. बिल : दोघांनीही एकदम खिशात हात घालावा. मित्राचा हात खिशातच अडकतो. "कामून उगं तसदी घेतोस?" असे म्हणून आपण पैसे द्यावेत. मग तो म्हणेल, "पुण्याला ये, खरं थाई मी खाऊ घालतो."

हे वाक्य ढाबेवाल्याच्या साक्षीने बिलामागे लिहून घ्यावे. सही मित्राची असावी. बिल जपून ठेवावे.