सासरा बसला रडत

भाचीला बी.फार्मसीला जायचंय, म्हणजे सीईटी आली, म्हणजे केमिस्ट्री आली, म्हणजे मी आलोच. मनमाडला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला मामा नांदगावात असताना पोरीने नाशिकच्या क्लासला पैसे कशाला भरायचे? पुढे मी कांद्याच्या आडतीत पडलो, ती गोष्ट निराळी. कांदा सडतो, ज्ञान सडत नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी तिला दुसऱ्या गणाची मूलद्रव्यं एका वाक्यात बांधून दिली: बेबीने मागितली कार, सासरा बसला रडत. बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम. रचना स्वतःची. दाद राहिली बाजूला, ती म्हणाली, "मामा, हे अकरावीचं. पेपरात अकरावीचं २० टक्केच असतं." आणि घड्याळ लावून मॉक टेस्टला बसली. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. आमच्या वेळी एवढ्यात आम्ही पहिली पुरवणी मागायचो.

गंधकाशी आली तेव्हा मात्र मी तिला सोडलं नाही. हा माझा प्रांत. कांदा जमिनीतलं गंधक ओढून संयुगांत साठवतो. चिरला की पेशी फुटतात, एक एन्झाइम मोकळं सुटतं आणि सल्फेनिक आम्ल तयार होतं. त्यापुढचा रडवणारा पदार्थ आपोआप होतो, असा जगाचा समज होता. त्यालाही वेगळं एन्झाइम लागतं, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. २०१३ मध्ये त्यांना इग्नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. पदार्थाचं नाव सिन-प्रोपेनेथायल-एस-ऑक्साइड. हे नाव एकदा भर लिलावात एका शेतकऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "असंल शेठ. आम्हाला भाव ऐकूनच पाणी येतं डोळ्याला."

एवढं ऐकवून होईपर्यंत भाचीचे बारा प्रश्न सोडवून झाले होते.

मग मी हुकमी पान टाकलं. "टायट्रेशनमध्ये फेनॉल्फ्थॅलिनचा रंग?"

"आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी."

"पाहिलायस?"

"व्हिडिओत."

जर्नल मागितलं. सुबक अक्षर, प्रत्येक पानावर सही. रीडिंग मागच्या बॅचची, उतरवून काढलेली. ब्यूरेटची तोटी तिने कधी फिरवलीच नव्हती. मला राग आला, तिच्यावर नव्हे. उद्या ही पोर औषधाची मात्रा मोजणार. पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत काढतात, आणि प्रयोगशाळेला बारावीभर कुलूप. ही चैन कुणाला परवडते?

नाशिकहून ब्यूरेट, स्टँड, फेनॉल्फ्थॅलिन आणि कॉस्टिक सोडा घेऊन आलो. आम्ल म्हणून ताईचं व्हिनेगर. ओट्यावर मांडामांड केली. भाची सोडा थेंब थेंब सोडत गेली. गुलाबी छटा यायची, फ्लास्क हलवला की जायची. मग एकच थेंब जास्त पडला आणि सगळं गडद गुलाबी झालं.

"एका थेंबाने एवढं?"

"एका थेंबाने."

"सीईटीला नाही ना येणार हे?"

"नाही."

तिने फ्लास्क विसळला, व्हिनेगर पुन्हा मोजून घेतलं. मी आदर्श हात दाखवायला पुढे झालो, तर म्हणाली, "तुम्ही नका, मामा. तुमचा हात थरथरतो. तुम्ही रीडिंग लिहा."